नाशिकचे मेळे आणि जलसे



आपल्या गावात ढोलकी वाजवणारा एखादा तरी माणूस असतोच. त्याच्याकडे जरा लक्ष देऊन बघा. एकादशीला तो भजनी मंडळात बसतो. जत्रेला तमाशाचा फड आला आणि त्यांचा ढोलकीवाला आजारी पडला, तर तो तिथे उभा राहतो. गणपतीत पोरांच्या मेळ्यामागे तोच असतो, आणि १४ एप्रिलच्या रात्री भीमजयंतीच्या गाण्यांनाही त्याचीच साथ असते. माणूस एक, वाद्य एक, पण मंडळी चार! यांतली भजनी मंडळी आणि तमाशाचा फड वर्षानुवर्षे चालतात. बाकीच्या दोन प्रसंगापुरत्या जमतात आणि प्रसंग सरला की पांगतात.

आज आपल्याला बोलायचे आहे ते या पांगणाऱ्या मंडळींविषयी. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना जागा फार थोडी मिळते. त्यांचे दप्तर नसते, मालक नसतो, कधी कधी नावसुद्धा नसते. पण नाशिक जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मोठमोठ्या घडामोडींच्या वेळी अशीच मंडळी पुढे झालेली दिसते. सरकारला त्यांच्या गाण्याची धास्ती वाटली, आणि देवळाची दारे बंद करणाऱ्यांनाही त्यांनी प्रश्न विचारले.

आधी फड म्हणजे काय ते पाहू, म्हणजे फरक ध्यानात येईल. फड ही पोटापाण्याची गोष्ट. सुपारी घ्यायची, गावोगाव बारी करायची आणि मिळालेल्या बिदागीवर दहा-पंधरा माणसांची चूल पेटवायची. उत्तर पेशवाईत या कलेला मोठा बहर आला. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे आपण ऐकलेली आहेत. त्यांच्याच काळातला एक शाहीर आपल्या जिल्ह्यातला होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव परशराम. सिन्नर तालुक्यातल्या वावी गावचा हा शिंपी. जन्म १७५४ चा आणि मृत्यू १८४४ चा, म्हणजे नव्वद वर्षांचे आयुष्य. पेशवाईचे वैभव त्याने पाहिले, १८१८ साली ती बुडालेलीही पाहिली. कपडे शिवणाऱ्या हाताने त्याने लावण्या रचल्या. कवन करणे ही विद्वानांची मिरासदारी नाही, कुठल्याही धंद्यातल्या माणसाला ते साधते, हा वारसा जिल्ह्याला तेव्हापासूनचा आहे.

आता प्रसंगापुरत्या मंडळींकडे येऊ. त्यांचा पहिला मोठा प्रकार म्हणजे गणपतीचा मेळा. १८९३-९४ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला आणि त्याबरोबर मेळे निघाले. शाळेतली मुले, दुकानांतले पोरगे, कचेरीतले तरुण असे पंधरा-वीस जण एकत्र यायचे. एकसारखा पोशाख करायचा, हातात टिपऱ्या किंवा लेझीम घ्यायची, कुणीतरी पदे रचून द्यायची आणि श्रावणभर तालीम करायची. मग दहा दिवस या गणपतीपुढून त्या गणपतीपुढे गात हिंडायचे. अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर मेळ्याचेही विसर्जन! पुढच्या वर्षी पोरे मोठी झालेली, कुणी नोकरीला लागलेला, म्हणजे मेळा पुन्हा नव्याने बांधायचा.

सगळे मेळे सारखेच चांगले होते असे मात्र समजू नका. सुरुवातीच्या काही मेळ्यांच्या पदांत हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत जाऊ नये असा प्रचार होता, आणि त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट आले. गाणे माणसे जोडते तसे तोडूही शकते. त्याची धार कुणाकडे वळवायची हे गाणाऱ्याच्या हाती असते.

ही मेळ्याची चाल नाशिकला आली आणि इथे तिला वेगळेच वळण लागले. १९०० साली नाशिकमध्ये ‘मित्रमेळा’ या नावाची मंडळी उभी राहिली. विनायक दामोदर सावरकर तेव्हा शाळकरी विद्यार्थी होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती काढली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, गणपतीपुढे आणि शिवजयंतीला गाणारा हा आणखी एक मेळा. आत मात्र इंग्रजांचे राज्य उलथून टाकण्याची चर्चा चाले. १९०४ साली हीच संघटना ‘अभिनव भारत’ झाली.

या मंडळींना गाणी कुणी दिली? काही स्वतः सावरकरांनी लिहिली. सिंहगडावरचा आणि बाजीप्रभूंवरचा असे त्यांचे दोन पोवाडे प्रसिद्ध आहेत. पण मेळ्याचा खरा कवी होता गोविंद त्र्यंबक दरेकर. लोक त्यांना आबा दरेकर म्हणत, पुढे ते ‘कवी गोविंद’ या नावाने ओळखले गेले. जन्म १८७४ चा. आबा पायांनी अधू होते. शिक्षणही बेताचेच. मित्रमेळ्यात येण्यापूर्वी ते काय रचत होते, ठाऊक आहे? तमाशासाठी लावण्या! ठेका कसा धरावा, झीलकऱ्यांना ध्रुपद कुठे सोपवावे, श्रोता कुठल्या शब्दावर मान डोलावतो, हे ते त्या फडाच्या विद्येतूनच शिकले होते. तीच विद्या त्यांनी आता शिवचरित्रावरच्या आणि स्वातंत्र्यावरच्या पद्यांना दिली. म्हणजे मेळ्याची पाळेमुळे शोधत गेलो तर आपण फडापाशीच येऊन पोहोचतो. सभ्य लोक ज्या तमाशाला नाक मुरडत होते, त्याच्याच पोटातून देशभक्तीचे हे गाणे बाहेर आले.

त्याची किंमत काय पडली तेही ऐका. सावरकरांचे थोरले बंधू गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव, यांनी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने पद्यांची एक छोटी पुस्तिका छापली. तीत कवी गोविंदांची पद्ये होती. सरकारने बाबारावांना पकडले, खटला भरला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टाने अपिलात ती कायम केली. गुरुजींनी मुलांना सांगावे असा एक मुद्दा त्या निकालात आहे. न्यायमूर्तींचे म्हणणे असे होते की, या पद्यांत देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे येतात ती केवळ निमित्ताला. खरा उपदेश आहे तो चालू सरकाराविरुद्ध शस्त्र धरण्याचा. शिक्षा कठोर होती, पण न्यायमूर्तींनी गाण्याचे मर्म बरोबर ओळखले होते. जुन्या नावाच्या आडून नवी गोष्ट सांगायची, हीच तर मेळ्याची युक्ती!

बाबारावांच्या शिक्षेनंतर नाशिकमधले तरुण पेटले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. १९१० साली छापखान्यांना जखडणारा नवा कायदाही आला. या धरपकडीत नाशिकची मंडळी पांगली. कवी गोविंद १९२६ साली वारले.

इथवरची हकीकत पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आहे. पण नाशिकच्या गाण्याचा इतिहास इथे संपत नाही. त्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पहिलीचाही अर्थ पुरता लागत नाही.

मेळ्यातली मुले स्वातंत्र्याची पदे गात होती, त्याच शहरात, गोदावरीच्या पलीकडच्या काठाला पंचवटीत, काळारामाचे मंदिर होते. त्या मंदिरात महार, चांभार, मांग या समाजांतल्या माणसांना पाऊल टाकायला मज्जाव होता. इंग्रज जाऊन स्वातंत्र्य यावे हे खरेच, पण ते कुणाकुणाच्या घरी येणार? हा प्रश्न विचारणारी दुसरी मंडळी उभी राहिली. तिचे नाव जलसा.

जलशाचे मूळ महात्मा फुल्यांच्या चळवळीत आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्यांच्या अनुयायांनी विचार केला की, आपले म्हणणे खेड्यातल्या निरक्षर माणसापर्यंत न्यायचे तर व्याख्यान पुरे पडणार नाही. मग त्यांनी तमाशाचा सांगाडा उचलला. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. सत्यशोधकांनी क्रम बहुतेक तोच ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाला वंदन आले. शृंगाराला फाटा मिळाला. वगात राजा-राणीऐवजी कर्जात बुडालेला शेतकरी, त्याला नाडणारा सावकार आणि फसवणारा भट उभा राहिला. लोक तमाशा म्हणून बघायला बसत आणि विचार घेऊन उठत.

हाच सांगाडा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतल्या तरुणांनी घेतला. त्याला कारण झाले ते नाशिकच. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीची मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती. अग्रभागी लष्करी चालींवर वाजणारा बँड होता, मागे शिस्तीने चार-चारांच्या रांगा होत्या, आणि शेकडो स्त्रिया त्यात चालत होत्या. मंदिराची दारे बंद करण्यात आली. दिंडोरीकडचे भाऊराव गायकवाड, ज्यांना आपण दादासाहेब म्हणतो, त्यांनी हा लढा मधल्या चढउतारांसह १९३५ पर्यंत नेटाने चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो लढा वेगळ्या मार्गाला लागला.

आता बघा, मंदिर नाशिकला, पण लढणारी निम्मी माणसे मुंबईला! जिल्ह्यातले कितीतरी तरुण गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला होते आणि चाळींच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते. या मुंबईकर नाशिककरांनी ‘नाशिक जिल्हा युवक संघ’ काढला, आणि त्याचा जलसा उभा केला आपल्याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डक यांनी. कामगारांचीच ही मंडळी. पोटासाठी दिवसा कष्ट आणि उरलेल्या वेळात तालीम. बाबासाहेबांची सभा होण्याआधी, किंवा सभा जिथे पोचू शकत नाही अशा खेड्यात, जलसा व्हायचा. विषय कुठले? मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारू सोडा, लग्नात कर्ज काढू नका, मुलामुलींना शाळेत घाला, आणि पाण्यावर व देवळावर आपला हक्क आहे. एका जलशाने दहा भाषणांचे काम होते, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. भीमरावांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर पुस्तकही लिहून ठेवले. त्यांनी ते लिहिले म्हणून आज आपल्याला एवढे तरी सांगता येते.

या जलशांच्या वातावरणातून जिल्ह्याला पुढच्या पिढीचा आणखी एक कर्डक मिळाला. वामन कर्डक, सगळ्यांचे वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. म्हणजे परशराम शिंप्याचाच तालुका! पोट भरायला तेही मुंबईला गेले. तरुण वयापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणी तरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, याची त्यांना फार बोच लागली. मग चाळीतल्या एका मास्तरांकडून ते लिहायला-वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे केले, तेही एका चालत्या हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर, विडंबन म्हणून! तिथून पुढे साठ वर्षे, २००४ साली मृत्यू येईपर्यंत, हा माणूस गावोगाव गात हिंडला. हजारो गाणी केली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीम गीतांच्या ज्या ‘गायन पार्ट्या’ महाराष्ट्रभर निघाल्या, त्यांच्या ओठांवर वामनदादांची गाणी होती. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह १९७३ सालचा, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. तोवर ती गाणी मुख्यतः तोंडी आणि हस्तलिखित वह्यांतून फिरत होती.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवायचे यात कसले मोठेपण? मंडळी, ही रीत जगभरची आहे. अमेरिकेत १९०८ साली सुमारे वीस कामगारांची एक टोळी, अंगात कामाचेच कपडे, गळ्यात लाल रुमाल, मालगाड्यांतून चोरून प्रवास करत शिकागोच्या अधिवेशनाला निघाली. वाटेत गाव लागेल तिथे गायची आणि छापील गाणी विकायची. म्हणजे तोही एक मेळाच! पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांच्या संघटनेने लाल वेष्टनाची गाण्यांची पुस्तिका काढली. नाशिकमध्ये पद्यांच्या पुस्तिकेवरून जन्मठेप झाली ते हेच साल. त्या अमेरिकन कामगारांची कितीतरी गाणी चर्चमधल्या भजनांच्या चालींवर आहेत. पुढे १९४० साली वुडी गथ्री या गायकाने आपले सर्वांत गाजलेले गाणे लिहिले, तेही ग्रामीण गायकांच्या एका कुटुंबाने आधी गायलेल्या चालीवर. कारण साधे आहे. चाल ओळखीची असली की ऐकणारा दुसऱ्या कडव्यापासून बरोबर गाऊ लागतो. त्याला फक्त शब्द शिकायचे उरतात.

आता या साऱ्या हकीकतीतून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट अशी की, मेळा आणि जलसा यांची माणसे वेगळी, मागण्या वेगळ्या, प्रसंगी एकमेकांच्या विरोधातही. पण दोघांनी साहित्य आणले ते एकाच घरातून. ढोलकी, तुणतुणे, झांज, ध्रुपद उचलणारे झीलकरी, ही सगळी तमाशाची देणगी. मात्र ज्या महार-मांग कलावंतांनी तमाशा जगवला, त्यांची नावे देशभक्तीच्या इतिहासात येत नाहीत. जलशाने पुढे तो हिशेब काही अंशी चुकता केला, कारण त्यात ज्यांची ढोलकी त्यांचेच शब्द होते.

दुसरी गोष्ट. मंडळी पांगते, याचा अर्थ ती फसली असा नव्हे. मेळ्यातल्या पोरांना गाण्यावर पोट भरायचे नव्हते. जलशातल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचे होते. प्रसंग होता तोवर ते जमले. काम झाले, किंवा पोलिसांनी होऊ दिले नाही, की ते आपापल्या धंद्याला लागले. मंडळी थोडे दिवस टिकते, चाल मात्र फार दिवस टिकते, आणि शब्द या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात. कुणी जपले तर टिकतात, नाही तर जातात.

आणि म्हणूनच तिसरी गोष्ट, जी गुरुजींसाठी आहे. जुन्या शाहिरांच्या लावण्या आपल्याला मिळाल्या त्या बहुतांशी बाडांमुळे, म्हणजे हस्तलिखित वह्यांमुळे. आपल्या गावातही अशा वह्या असतील. कुणा आजोबांच्या ट्रंकेत मेळ्याची पदे असतील, कुणा मावशींच्या पाठांतरात जलशाचा वग असेल, कुठल्या गायन पार्टीच्या पेटीवाल्याकडे वामनदादांचे गाणे उतरवून घेतलेले असेल. घर शाकारताना, भिंत पडताना, दिवाळीची साफसफाई करताना या वह्या रद्दीत जातात. त्या जाण्याआधी मुलांना घेऊन एकेका घरी जा. गाणे उतरवून घ्या. त्याच्याबरोबर चार गोष्टी न विसरता लिहा: कुणी रचले, कुठल्या चालीवर आहे, कुठल्या प्रसंगी म्हटले आणि साथीला कोण कोण होते. साथीदारांची नावे तर अवश्य लिहा, कारण तीच सर्वांत आधी पुसली जातात. गाण्यातला विचार आपल्याला पटो वा न पटो, ते जसे आहे तसे लिहा. वही ज्याची त्याला सन्मानाने परत करा आणि नक्कल शाळेत ठेवा.

बाबारावांच्या खटल्यात सरकारने नाशिकची पद्ये जपून ठेवली, ती पुरावा म्हणून.  वावीच्या शिंप्याच्या, चाळीतल्या कामगाराच्या आणि तुमच्या गावच्या ढोलकीवाल्याच्या गाण्यांना असे दप्तर कुणी ठेवलेले नाही. ते आपण ठेवायचे आहे. येत्या सुट्टीत एका घरापासून, एका वहीपासून सुरुवात करा.